यूसुफ मंदूब आणि नव्वद मिनिटं

कुवेतमध्ये एखाद्याचं सरकारी काम अडलं की खिडकीपलीकडचा कारकून ‘बुकरा’ म्हणतो, म्हणजे उद्या या, आणि खिडकीअलीकडचा माणूस यूसुफ परकारला फोन लावतो. यूसुफ मंदूब आहे. कंपनीच्या वतीनं सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्या माणसाला इथे मंदूब म्हणतात. कामगारांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, मुदत संपायच्या आत नवे करून आणायचे, नव्या माणसांची वरात मेडिकलला न्यायची, गाड्यांची कागदपत्रं फिरवायची, आणि समोरच्यानं कितीही ताटकळत ठेवलं तरी कपाळाला आठी पडू द्यायची नाही. शुवैखमध्ये एअरकंडिशनरचे सुटे भाग विकणारी एक कंपनी आहे, तिथे तो एकतीस वर्षं हेच करतो आहे.

माणूस दाभोळच्या खाडीकाठचा. बुटका, पोट किंचित सुटलेलं, मिशी रंगवलेली. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास, पण अरबी अशी घडाघडा बोलतो की कुवेती कारकूनही खुर्चीत सरसावून बसतो. अरबांमध्ये बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची पद्धत. त्यामुळे सगळ्या कचेऱ्यांत त्याचं नाव ‘अबू ओवैस’, ओवैसचा बाप. यूसुफ हे नाव असलेले तिथे शंभर असतील, अबू ओवैस एकच.

आता निम्मी कामं मोबाइलवरच्या सरकारी ॲपवर होतात. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले अरुण पाटणकर भेटतील तेव्हा त्याला चिडवत, की यूसुफभाई, तुमचे दिवस भरले. त्यावर यूसुफचं ठरलेलं उत्तर होतं की ॲपला कुणी चहा पाजलाय का कधी. पाटणकरांच्याच मुलीचा इकामा अडकला तेव्हा ॲप खिशात ठेवून ते खैतान भागात यूसुफच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराशी धापा टाकत उभे होते, ही गोष्ट यूसुफनं मात्र त्यांना कधी ऐकवली नाही.

त्याच्या गाडीच्या डिकीत स्टेपलर, शिक्क्याची शाई, कोरे कागद आणि निम्म्या कंपनीचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो कायम असत. कामाच्या बाबतीत तो फार कडक होता. अर्धवट कागद घेऊन खिडकीशी जायचं नाही. दुसऱ्याची सही असलेला कागद हातात आला की तो वाटेत कुठेही अडकता कामा नये. सही म्हणजे त्या माणसाची जबान, ती पोचवणं हे मंदूबचं काम, असं तो नव्या पोरांना सांगायचा. पोरं मान डोलवायची आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायची.

आणि अशा माणसाचा स्वतःचा पासपोर्ट ऐन वेळी हातात नसावा, याला काय म्हणायचं? मे महिन्यात त्यानं कंपनीतल्या बावीस जणांचे पासपोर्ट नूतनीकरणाला दिले. स्वतःचा तेविसावा ठेवला, कारण घरचं काम सगळ्यांत शेवटी, ही त्याची खोड. नवा फोटो काढायचा कंटाळा केला. गाडीच्या कप्प्यात दहा वर्षांपूर्वीचे पडले होते, काळ्याभोर केसांतले, तेच चिकटवले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यूसुफनं त्याची बिनपाण्यानं केली असती. अर्ज अर्थातच परत आला. त्यानं तो पुन्हा भरला, मग गावाकडून पोलीस चौकशीचा कागद यायचा राहिला, आणि जुलै उजाडला तरी पासपोर्ट तिकडेच होता. त्याला त्याचं काही वाटलं नाही. जुलैत त्याला कुठे जायचं होतं?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मेलबर्नहून अरबाजचा फोन आला. अरबाज म्हणजे ओवैसच्या खोलीतला सोबती. सकाळी सायकलवरून कामाला जाताना ओवैसला एका गाडीनं उडवलं होतं. डोक्याला मार होता, तो बेशुद्ध होता, श्वासासाठी मशीन लावलं होतं.

ओवैस एकुलता एक, सत्तावीस वर्षांचा. जन्म कुवेतचा, शाळा कुवेतची. घरात आईशी कोकणी, बाकी सगळं इंग्रजी. मेलबर्नला इंजिनिअरिंगचं शिकून तिथेच नोकरीला लागला होता. गेल्या वर्षी त्याच्या पदवीदानाला असमा, म्हणजे यूसुफची बायको, एकटी गेली होती. वर्षअखेरीला इकाम्यांची गर्दी असते, आपण पुढच्या वर्षी नक्की येऊ, असं यूसुफनं सांगितलं होतं. ‘अब्बा, यू ऑल्वेज से दॅट,’ एवढंच पोरगा म्हणाला होता, आणि तेही हसून.

असमाचा तो व्हिसा अजून चालू होता. ती त्याच दिवशी निघाली. यूसुफनं तिला विमानतळावर सोडलं, तिचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमानं लावून दिले, कोणता कुठे दाखवायचा ते तीनदा सांगितलं. मग तो तडक पासपोर्टच्या कचेरीत गेला. तिथल्या लोकांनी त्याला पाणी दिलं, बसवलं, आपल्याकडून होईल ते सगळं केलं. पण चौकशीचा कागद आल्याशिवाय त्यांचेही हात बांधलेले होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी दारं उघडून घेणारा माणूस त्या दिवशी स्वतःसाठी एक दार उघडू शकला नाही. आणि दोष द्यायला समोर कुणी नव्हतं, फक्त कप्प्यातले ते फोटो होते.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की ओवैस परत येणार नाही. पाचव्या दिवशी यूसुफला एका बाईचा व्हिडिओ कॉल आला. तिचं नाव लैला. त्या इस्पितळात अवयवदानाचं काम बघणारी, आईबाप लेबनॉनचे, त्यामुळे ती यूसुफशी अरबीतून बोलली. ज्या भाषेत त्यानं आयुष्यभर लोकांसाठी कामं मागितली होती, त्या भाषेत आज त्याच्याकडेच कुणीतरी काही मागत होतं. ती फार हळू आणि फार नीट बोलली. यूसुफनं सवयीनं कागद-पेन घेतलं आणि तिचं बोलणं उतरवून काढलं.

ती म्हणाली ते असं. ओवैसचा मेंदू पुरता गेला आहे, पण तळाचा एक तुकडा अजून थोडा जिवंत आहे, म्हणून कायद्यानं त्याला मेला म्हणता येत नाही. मशीन काढलं की त्याचं हृदय आपोआप बंद पडेल. ते बंद पडल्यावर पाच मिनिटं कुणीही त्याला हात लावणार नाही. मग डॉक्टर तो गेल्याचं सांगतील, आणि लगेच त्याला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेतील. हृदय काढून एका पेटीत ठेवतील, त्यातून रक्त फिरवतील, ते पुन्हा धडधडायला लागेल, आणि मग ते दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवतील. पण हे सगळं मशीन काढल्यापासून नव्वद मिनिटांत हृदय बंद पडलं तरच. त्याहून वेळ लागला तर ऑक्सिजनवाचून ते निकामी होतं, मग काहीच घेता येत नाही.

मग तिनं शेवटची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी ओवैसनं स्वतः दात्यांच्या यादीत नाव नोंदवलं होतं. तरीही आईबापांना विचारल्याशिवाय ते पुढे जात नाहीत.

यूसुफनं एक दिवस मागून घेतला. खैतानच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, पुष्कळ आलिमांनी, म्हणजे धर्माच्या जाणकारांनी, परवानगी दिली आहे, एक जीव वाचवणं फार मोठी गोष्ट आहे, पण तुमच्या दोघांच्या मनाला पटलं पाहिजे. यूसुफच्या मनाला पटलं होतं की नाही ते त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं. पोराची सही होती, एवढं त्याला कळत होतं.

असमाला ते ऐकवेना. तिचं म्हणणं, दुसऱ्याचा जीव वाचतो हे चांगलंच, पण घड्याळ लावून आपलं पोर मरायची वाट बघायची, आणि गेल्या गेल्या आईच्या हातातून ओढून न्यायचं? ‘पोराला सुखानं मरू पन देनार नाय काय?’ ती फोनवर म्हणाली. यूसुफ दोन तास तिच्याशी बोलत होता. कधी समजावलं, कधी चिडला. अखेरीस तो म्हणाला,

‘त्याची सही हाय गो. त्यानी सही केलेला कागद आपल्या खिडकीत अडकायला नको.’

असमा रडली, आणि हो म्हणाली. पण तिनं आपलं सांगून घेतलं. ओवैसचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला करायचं. जवळ बसून ती यासीन, म्हणजे मरणाऱ्यापाशी वाचतात तो कुराणातला अध्याय, वाचेल. आणि शेवटचा कलमा त्याच्या कानात बापानं म्हणायचा, फोनवरून का होईना. ओवैस जन्मला तेव्हा कुवेतच्या इस्पितळात त्याच्या कानात पहिली अजान बापानंच दिली होती, तेव्हा शेवटचंही बापाचंच. लैलानं सगळं कबूल केलं. नर्सेसनी मोबाइलवर दिशा बघून पलंग वळवला, असं असमानं नंतर सांगितलं.

वेळ ठरली मेलबर्नच्या संध्याकाळी पाचची, म्हणजे कुवेतच्या सकाळी दहाची. खैतानच्या घरात शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या, कुणी कुराण वाचत होतं, कुणी चहा करत होतं, आणि सगळ्याजणी यूसुफकडे अशा नजरेनं बघत होत्या की त्याला तिथे श्वास घेता येईना. तो खाली उतरला आणि सवयीनं गाडी शुवैखकडे वळली. गोदामामागे सावलीच्या पत्र्याखाली त्यानं गाडी उभी केली. बाहेर भट्टी पेटलेली. इंजिन चालू, एसी चालू, फोन समोर काचेपाशी अडकवलेला. कचेऱ्यांच्या दाराशी उभं राहून जन्म गेला होता, ही गाडी तेवढी त्याची हक्काची खोली होती.

दहा वाजून पाच मिनिटांनी मशीन काढलं. असमानं फोन ओवैसच्या उशीवर, कानाजवळ टेकवून ठेवला आणि ती पायथ्याच्या बाजूला जाऊन बसली. यूसुफला पडद्यावर फक्त पोराचा कान, थोडा गाल आणि आठवडाभराची वाढलेली दाढी दिसत होती. असमाचं यासीन फार जवळून, फार स्पष्ट ऐकू येत होतं. यूसुफनं घसा साफ केला आणि कलमा म्हटला. एकदा, दोनदा, तीनदा. ठरल्याप्रमाणे त्याचं काम तिथे संपलं होतं. त्यानं आता फोन बंद करायचा होता, किंवा गप्प राहायचं होतं.

पण त्या कानाच्या पाळीवर लहानपणी कुंपणाची तार लागून पडलेला एक वण होता, आणि तो वण बघता बघता यूसुफचा बांध फुटला.

‘जाव नको रे,’ तो म्हणाला. ‘पासपोर्ट येतोय. मी येतंय. जाव नको. ओवैस, मी येतंय बाला, जाव नको.’

किती वेळा म्हणाला त्याला आठवत नाही. असमाचं वाचन मध्येच अडखळलं, काही क्षण अगदी बंद झालं, मग पुन्हा सुरू झालं. यूसुफनं तोंडात रुमाल कोंबला. ज्या बापानं बायकोला दोन तास समजावून हो म्हणायला लावलं, तोच बाप पोराच्या कानात उलटं सांगत होता. तो काय करून बसला हे त्याला तेव्हाच कळलं, पण बोललेला शब्द काही परत घेता येत नाही.

दहाचे साडेदहा झाले, साडेदहाचे अकरा. मध्ये एकदा लैलाचा आवाज आला, नाडी अजून चांगली आहे. सव्वाअकराला पुन्हा तेच. यूसुफ घड्याळाकडे बघत होता आणि आपण काय मागतो आहोत ते त्याचं त्यालाच समजत नव्हतं. पोराची सही खरी व्हावी म्हणून त्यानं लवकर जावं? की अजून एक मिनिट त्यानं राहावं? खरं सांगायचं तर तो मनातल्या मनात हे दुसरंच मागत होता. अकरा पस्तीसला नव्वद मिनिटं संपली. लैला फोनवर आली आणि तिनं सांगितलं की आता काही घेता येणार नाही, शस्त्रक्रियेची मंडळी परत गेली, ओवैसला आता शांतपणे त्याच्या खोलीत राहू देऊ. तिनं शुक्रन म्हणून आभार मानले, तुम्ही दोघांनी फार मोठं मन दाखवलंत म्हणाली. यूसुफच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? पोर अजून आहे. त्याला आनंद झाला. आणि त्या आनंदाची त्याला अशी लाज वाटली की त्यानं गाडीचा आरसा फिरवून ठेवला.

ओवैस कुवेतच्या वेळेनं दुपारी पावणेचारला गेला. दुसऱ्या दिवशी मेलबर्नलाच दफन केलं. अरबाजनं आणि ओळखपाळख नसलेल्या चाळीस माणसांनी खांदा दिला. इकडे खैतानच्या मशिदीत गायबाना नमाज झाली, म्हणजे समोर मय्यत नसताना पढतात ती. पाटणकर मागच्या रांगेत, बूट हातात धरून, भिंतीशी उभे होते. अकराव्या दिवशी यूसुफच्या मोबाइलवर संदेश आला की पासपोर्ट तयार आहे. तो गेला, सही करून घेऊन आला, आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिला.

असमा तीन आठवड्यांनी परतली. घरात दोघंच. ती स्वयंपाक करायची, तो कामाला जायचा. कुठल्याही कचेरीत गेलं की कारकून उठून हात मिळवत आणि म्हणत, ‘अहलन, अबू ओवैस.’ कुणाला माहीत होतं, कुणाला नव्हतं. ज्यांना माहीत होतं तेही तसंच म्हणत, कारण मुलगा गेला म्हणून बापाचं नाव बदलत नाही. यूसुफ मान लववायचा आणि कागद पुढे सरकवायचा. त्याची कामं पूर्वीसारखीच वेळेत होत होती. फक्त कुणी आभार मानले की तो चिडायचा. एकदा पाटणकरांनी त्याला म्हटलं की यूसुफभाई, तुमच्यासारखा माणूस नाही, बायकोपोराची पर्वा न करता… आणि पुढे त्यांना काय बोलावं ते सुचेना, तेव्हा यूसुफ चहाचा पेला तसाच ठेवून निघून गेला. पाटणकर बिचारे आठवडाभर स्वतःला शिव्या देत होते.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते कुणाला माहीत नव्हतं. त्याला झोपेत नाही, भर दिवसा, सिग्नलला गाडी उभी असताना एक माणूस दिसायचा. ओवैसचं हृदय ज्याला मिळणार होतं तो. कधी बाई असायची, कधी पुरुष. इस्पितळातून फोन आला म्हणून धावतपळत आलेला, कपडे बदललेला, पलंगावर पडून छताकडे बघणारा. मग कुणीतरी येऊन सांगतं, आज नाही. तो उठतो, पुन्हा आपले कपडे घालतो, घरी जातो. त्याला असा परत पाठवला तो यूसुफनं. ‘बुकरा’ म्हणून. पोराच्या कानात नको ते बोलून त्यानं पोराची सही अडकवून ठेवली होती. पोर बापाचा शब्द मोडत नव्हतं, कधीच मोडला नव्हता. त्यानं ऐकलं आणि राहिलं, साडेपाच तास राहिलं. हे ओझं असं होतं की ते टाकूनही देववत नव्हतं, कारण त्यातच कुठेतरी हेही होतं की शेवटच्या घडीला ओवैसनं अब्बांचा आवाज ऐकला.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज पढून तो घरी आला तेव्हा असमानं जेवण वाढलं होतं. पापलेटचं कालवण आणि भात. ताटाशेजारी मेलबर्नच्या इस्पितळाचं पत्र होतं, आदल्या दिवशी कंपनीच्या पत्त्यावर आलेलं, त्यानंच न फोडता आणून ठेवलेलं. वाचा म्हणाली. त्यानं फोडून मोठ्यानं वाचलं, वाचता वाचता कोकणीत सांगत गेला. दान होऊ शकलं नाही, तरी तुमच्या कुटुंबानं अत्यंत कठीण वेळी जो निर्णय घेतला त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. खाली लैलाची सही होती.

यूसुफनं पत्र घडी करायला घेतलं आणि तसंच उघडं ताटाशेजारी ठेवलं.

‘ता माझ्यामुलं झाला असमा,’ तो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. कलमा म्हटल्यावर आपण काय बोललो, किती वेळा बोललो, आणि पोर कसं राहिलं. मौलानांनासुद्धा सांगितलं नाही म्हणाला. कुणाचा तरी जीव माझ्या मानेवर आहे म्हणाला. असमा ऐकत होती. तिनं त्याला अडवलं नाही, समजावलं नाही. त्याचं बोलून संपलं तेव्हा कालवणावर साय धरली होती.

‘मना म्हाईत हाय,’ ती म्हणाली. ‘तुमी काय बोल्लाव ता सगला मना म्हाईत हाय.’

मग तिनं खाली मान घालून सांगितलं. अरबाजनं ओवैसचं सामान आणून दिलं होतं, त्यात त्याचे ते बिनवायरचे इअरफोन होते. अतिदक्षता विभागात मशिनांचा इतका आवाज असायचा की तिला फोनवर काही समजत नसे, म्हणून ती ते आपल्या फोनला जोडून कानात घालायची. त्या दिवशीही एक तिच्या कानात होता, ओढणीखाली. फोन उशीवर ठेवताना ती विसरली. पायथ्याशी येऊन बसली, वाचायला लागली, आणि यूसुफचा आवाज तिच्या कानात आला. उशीवरचा फोन मुका होता. त्यातून ओवैसच्या कानापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

‘त्यानी काय आयकला नाय,’ असमा म्हणाली. ‘मी आयकला.’

यूसुफला आधी समजलं नाही. मग समजलं. त्यानं पहिलं विचारलं ते कलम्याचं. कलमा तरी?

‘कलमा मी म्हनला. तुमी म्हनलाव तसा उठून त्याच्या दुसऱ्या कानात मी हलूच म्हनला, तीनदा. जाव नको म्हनलाव, ता मी नाय सांगितला.’

कानातला तो काढून पोराच्या कानात घालायला किती वेळ लागला असता, असं ती स्वतःशीच म्हणाली. तेव्हा तिच्या हातात होतं. पण लैलानं सकाळीच सांगितलं होतं की ज्याला हृदय मिळायचं तो माणूस इस्पितळात आला आहे, तयार आहे. आणि तुम्हीच म्हणाला होतात, त्याची सही अडकायला नको. म्हणून तिनं तो शब्द आपल्याच कानात ठेवला, आणि यासीन वाचता वाचता पोराला सांगत राहिली, जा बाबा, आता वेळेत जा. आईनं पोराला असं सांगितलं. हे तीही तीन महिने कुणाला बोलली नव्हती.

‘मग तो राहिला कसा?’ यूसुफनं विचारलं.

त्याला कुणी ठेवला नाही, असमा म्हणाली. तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, वय कमी, हृदय धडधाकट, थोडा श्वास त्याचा तोच घेत होता. कधी कधी असं होतं, त्याला कुणाचा इलाज नसतो. बस, एवढंच कारण. बापानं म्हटलं जाऊ नको ते त्याला ऐकूच आलं नाही, आईनं म्हटलं वेळेत जा तेही झालं नाही. त्याचं हृदय आपलं आपल्या ताकदीनं चालत राहिलं आणि संपलं.

खाली रस्त्यावर जुम्म्याची गर्दी पांगत होती. यूसुफ भिंतीला टेकून बसला. ज्या पापाखाली तो तीन महिने वाकला होता ते असमानं एका वाक्यात उचललं होतं, आणि त्याच वाक्यात पोराच्या अखेरच्या घडीतून त्याला बाहेरही काढलं होतं. तो तिथे नव्हता. मेलबर्नला नव्हता, उशीवरच्या फोनमध्येही नव्हता. मेलबर्नपासून बारा हजार किलोमीटरवर एका बंद गाडीत एक माणूस आपल्या बायकोच्या कानात रडत होता, इतकंच घडलं होतं.

असमानं ताट बाजूला सारलं आणि त्याच्या जवळ येऊन बसली. इतके दिवस यूसुफ रडला होता तो पोर आपल्यामुळे राहिलं म्हणून. ओवैस गेला म्हणून तो त्या दुपारी पहिल्यांदा रडला.